शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचलेला पाट

जिच्या कृपेवाचून वाणीला अर्थ नाही आणि श्रवणाला फळ नाही, त्या सप्तशृंगनिवासिनी आदिमायेच्या चरणी मस्तक ठेवतो. जिच्या काठी या देहाचे स्नानसंध्यादी नित्यकर्म आजवर चालत आले, त्या गोदामाईचे स्मरण करतो आणि मगच लेखणी उचलतो. या चार शब्दांना त्या दोघींनी पदराखाली घ्यावे.

मंगलाचरणानंतर विषय सांगावा, ही आपल्या जुन्या ग्रंथकारांची शिस्त. हा लेख श्री. रंगनाथराव देवरे, म्हणजे आपल्या सर्वांचे अप्पा, यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त आहे आणि त्याचा विषय इंटरनेटचे घाऊक दर हा आहे. संस्कृत शिकविण्यात जन्म घालविलेल्या पंचवटीतल्या वृद्धाने घाऊक दरांवर का लिहावे, असे काहींना वाटेल. वाटू द्या! अप्पांचा हा गौरवग्रंथ छपाईला जात असतानाच जी वार्ता कानी आली, तिने माझे मन इतके उचंबळून आले आहे की, क्रम मोडून शेवटच आधी सांगावा असा मोह होतो. तो आवरतो आणि पहिल्या भेटीपासून आरंभ करतो.

वणीच्या गडावर माझे प्रवचन झाले होते. ते संपल्यावर पेठच्या डोंगराळ भागातील एका पाड्यावरच्या काही स्त्रिया पुढे आल्या. भात-नागली पिकविणाऱ्या आणि द्राक्षांच्या हंगामात मजुरीसाठी खाली उतरणाऱ्या त्या माउल्या. त्यांच्यातल्या मंजुळाबाई गावित म्हणाल्या, "गुरुजी, देवीचं स्तोत्र तुमी म्हनता, आन आमी नुसते हात जोडतो. आमाला म्हनाया शिकवा ना. लय वाटतं."

असा अधिकारी शिष्यवर्ग दाराशी चालून यावा, याहून मोठे भाग्य कोणते? पण माझे गुडघे घाट चढू देईनात आणि त्यांना रोज नाशिकला येणे शक्य नव्हते. इंटरनेटवरून पाठ घ्यावा असे ठरले. एका मोठ्या कंपनीच्या कार्यालयात मी चौकशी केली. तिथल्या गृहस्थांनी सौजन्याने विचारले, "आजोबा, त्या पाड्यावर ग्राहक किती मिळतील?" मी नमस्कार करून बाहेर पडलो. मग कोणीतरी, स्वतःची लहानशी इंटरनेट सेवा चालविणाऱ्या अप्पांचे नाव सांगितले.

अप्पा आले. चपला बाहेर काढल्या, देवघरापुढे हात जोडले आणि त्यांनी पहिला प्रश्न केला, "गुरुजी, त्या बाया रानातून घरी कधी येतात?"

"दिवेलागणीला."

"म्हणजे नेमकी गर्दीची वेळ. तेव्हा अख्खं नाशिक मोबाईलवर पिक्चर बघत बसतं. बघतो मी. तुमची देवी अडकायला नको!"

ग्राहक किती, हा एक प्रश्न. बाया घरी कधी येतात, हा दुसरा. अप्पांच्या साठ वर्षांच्या आयुष्याचे सार मला या दुसऱ्या प्रश्नात दिसते.

अप्पांनी पेठच्या बाजूच्या एका टेकडीवर मनोरा उभारून पाड्यापर्यंत जोडणी नेली आणि आमचा पहिला पाठ सुरू झाला. आमची रीत संथेची. गुरूने एकदा म्हणावे, शिष्यांनी तेच तंतोतंत दोनदा म्हणावे; मध्ये प्रश्न नाही, फेरफार नाही. हा नियम मी त्या माउल्यांना गडावरच पक्का सांगून ठेवला होता. पडद्यावर मंजुळाबाई आणि त्यांच्या सोबतिणी डोक्यावर पदर घेऊन बसलेल्या दिसल्या. मी विचारले, "आवाज येतोय का?"

तिकडून साऱ्याजणींनी एकसुरात, माझ्याच चढउतारांसह, दोनदा म्हटले, "आवाज येतोय का! आवाज येतोय का!"

मी गोंधळून म्हणालो, "अहो, तसे नाही." तेही दोनदा परत आले. अप्पा माझ्या शेजारी उभे होते. हसता हसता त्यांनी भिंतीचा आधार घेतला. "गुरुजी, लाईन एकदम खणखणीत शे! आता तुम्हीच गप्प बसा, नाहीतर हेच स्तोत्र पाठ होईल." आनंद झाला की अप्पांच्या तोंडून बागलाणची अहिराणी अशी निसटतेच.

पुढे उलगडा झाला, सगळ्या हसल्या. पण मंजुळाबाईंनी ते वाक्य सोडले नाही. "आमची सुरवात त्यानंच झाली ना गुरुजी? मग ते ऱ्हाऊ द्या." तेव्हापासून पाठ असा सुरू होतो : मी विचारतो, त्या दोनदा म्हणतात आणि मग देवीचे नाव. कोणत्याही पोथीत नसलेले हे मंगलाचरण जगदंबेने मान्य केले आहे, अशी माझी श्रद्धा आहे.

अप्पांच्या कार्याचे मर्म कळण्यासाठी त्यांच्या घराण्याविषयी सांगावे लागेल. बागलाणात नदीला बंधारा घालून त्याचे पाणी साऱ्या गावाने मिळून वापरण्याची पुरातन पद्धत आहे, तिला फड म्हणतात. पाणी वाटण्याचे काम गावाने नेमलेल्या पाटकऱ्याकडे असते. अप्पांचे वडील पाटकरी होते. त्यांचे एक बोलणे अप्पा नेहमी सांगतात : "शेवटना वावरले पाणी भेटत नई, तवलगून पाटकरी घर जास नई." शेवटच्या शेताला पाणी मिळाल्यावाचून पाटकऱ्याने घराकडे वळायचे नाही! आपल्या धर्मशास्त्राने विहीर, तळे, पाणपोई यांना पूर्तकर्म म्हटले आणि त्यांचे पुण्य यज्ञाच्या पंक्तीला बसविले. मनोऱ्यावरून पाड्यावर जाणारी ही अदृश्य धारा मी त्याच पंक्तीत बसवितो आणि त्यात मला तिळमात्र संकोच वाटत नाही.

आता घाऊक दरांकडे वळतो. अप्पांसारखे लहान, स्वतंत्र इंटरनेट सेवादार काही समुद्रापासून केबल आणीत नाहीत. मोठ्या कंपनीकडून ते घाऊक क्षमता विकत घेतात आणि घरोघरी पोहोचवितात. मोठा पाट तिचा, चाऱ्या यांच्या. यात गैर काही नाही. पण ती मोठी कंपनी घरोघरी स्वतःही सेवा विकते. म्हणजे पाटाचे मुख्य दार जिच्या हाती, तीच बाजारात यांच्या शेजारी भाजी विकायला बसते. असे असताना तिने एकीकडे यांच्यासाठी घाऊक दर वाढविला आणि दुसरीकडे शहरातल्या ग्राहकांना सेवा स्वस्त केली. ज्या भावाने अप्पांनी माल घ्यायचा, त्याहून कमी भावाने तोच माल त्यांच्या ग्राहकाच्या दारात! लहान सेवादार मधल्यामध्ये चिणला जाऊ लागला.

पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचे पॅकहाऊस चालविणारे आणि कांदाही पिकविणारे अप्पांचे एक जुने ग्राहक आहेत, बाळासाहेब. ते अवघडून अप्पांकडे आले. योगायोगाने मी तेथे होतो.

"अप्पा, स्पष्टच बोलतो, राग मानू नका. ते लोक निम्म्यात देऊन राहिले. जाऊ का?"

"जा की. स्वस्त मिळतंय तर घ्यायलाच पाहिजे."

"असं नका बोलू, लाजवता तुम्ही."

"लाजवत नाही, बाळासाहेब. फक्त एक सांगा. आपल्या मार्केटात सगळे व्यापारी उठून गेले आणि एकच उरला, तर पहिल्या दिवशी तो भाव चांगला देईल. दुसऱ्या वर्षी?"

बाळासाहेबांनी कपाळावर हात मारला. "कांद्याच्या माणसाला हे विचारता होय! दुसऱ्या वर्षी तो गोणीचेही पैसे कापील." ते गेले नाहीत. काहीजण गेले आणि अप्पांनी त्यांच्याविषयी कधी कटू शब्द काढला नाही.

याच बाळासाहेबांच्या पॅकहाऊसमधली एक गोष्ट अप्पांच्या परवानगीवाचून सांगतो. द्राक्षांच्या हंगामात मंजुळाबाई आणि त्यांच्या सोबतिणी मजुरीला खाली उतरल्या की पाठ खंडित होई. अप्पांनी बाळासाहेबांना गळ घातली आणि जेवणाच्या सुट्टीत, रिकाम्या क्रेटांच्या आडोशाला पाठाची सोय करून दिली. शीतगृहाची घरघर, टेंपोचे हॉर्न आणि त्यांतून उठणारे देवीचे नाव! तशी संथा मी कोणत्याही पाठशाळेत ऐकली नाही.

पण संकट वाढत गेले. जाणकारांनी अप्पांना सल्ला दिला : पेठची जोडणी बंद करा. लांबची वाट, थोडी घरे. पावसाळ्यात मनोऱ्याची देखभालही जिकिरीची. ती तोडली तर शहरातले ग्राहक तरी टिकतील. सल्ला व्यवहाराला धरून होता. मात्र त्या जोडणीवर आमचा पाठच नव्हे, पाड्यावरच्या आशा सेविकेचे डॉक्टरांशी बोलणे, रेशनच्या अंगठ्याची पडताळणी, कामाला बाहेरगावी गेलेल्यांची घरच्यांशी गाठभेट हे सारे अवलंबून होते. अप्पांनी आपली गाडी विकून ती जोडणी काही काळ रेटली.

अशा वेळी दूरसंचार नियामकांनी घाऊक दरांना मर्यादा असावी की नसावी, यावर सर्वांचे म्हणणे ऐकण्याचे ठरविले. सुनावणी इंटरनेटवरून होणार होती. अप्पांच्या सहकाऱ्यांनी नाशिकच्या कार्यालयात उत्तम व्यवस्था केली; पण अप्पा म्हणाले, "मी पाड्यावरून बोलणार. पाटाची परीक्षा शेवटच्या वाफ्यात होते." मलाही त्यांनी सोबत घेतले. गुडघ्यांची सबब त्या दिवशी मी सांगितली नाही.

मंजुळाबाईंच्या ओसरीवर आम्ही बसलो. मागे भिंतीला टेकून साऱ्या शिष्या. वकील, तज्ज्ञ, मोठमोठे अधिकारी बोलून गेले आणि अप्पांचे नाव पुकारले गेले. सुनावणीतील एक अधिकारी मराठी होते, त्यांनी आपुलकीने विचारले, "देवरे साहेब, आवाज येतोय का?"

अप्पांनी तोंड उघडण्यापूर्वीच मागून सामुदायिक घोष झाला : "आवाज येतोय का! आवाज येतोय का!"

मला वाटले, घात झाला! मग एकेका चौकटीतून हसू फुटू लागले. अधिकारीही हसले. "हे कोण आहेत?"

"साहेब, हे माझे ग्राहक," अप्पा म्हणाले. "घाटाच्या वरून बोलतोय आम्ही. एकही अक्षर तुटलं नाही ना? मग आता माझं ऐका."

आणि त्यांनी फड सांगितला! कागद नाही, आकडा नाही. ते म्हणाले, "साहेब, पाट ज्यानं खणला, त्याच्या घामाचं मोल त्याला मिळालंच पाहिजे. ते नाही मिळालं तर उद्या नवा पाट कोण खणेल? मी फुकट मागत नाही. पण ज्याच्या हाती दार आहे, त्याला मनाला येईल तो भाव लावू दिला, तर वरची शेतं भिजतील आणि खालची वाळतील. म्हणून आमच्याकडे पाटकरी गावानं नेमायची रीत आहे. दार मालकाचं असू द्या, पण पाण्याची पाळी गाव ठरवतं. तुम्ही ते गाव व्हा."

राजाने मापे आणि भाव यांवर दृष्टी ठेवावी, बलवंताला लाभ नाकारू नये आणि दुर्बलाला नागवू देऊ नये, हा राजधर्म मी आयुष्यभर शिकविला. त्या ओसरीवर तो मला प्रथमच जिवंत भेटला. अप्पा बोलायचे थांबले, तेव्हा मंजुळाबाई हळूच म्हणाल्या, "अप्पा, तुमी तर कीर्तनच केलं की!"

आणि आता ती वार्ता! नियामकांचा निर्णय आला आहे. घाऊक दरांना वाजवी मर्यादा घातली गेली आहे. पाट खणणाऱ्याला खर्च आणि रास्त परतावा मिळेल. मात्र स्वतःच्या शाखेला एक भाव आणि शेजारच्या लहान सेवादाराला दुसरा, असे यापुढे करता येणार नाही. पुढे आव्हाने दिली जातील, अडथळे येतील, हे मी जाणतो. तरीही पेठची जोडणी तुटणार नाही, हे अप्पांनी मला स्वतः येऊन सांगितले.

या सवलतीचे अप्पांनी काय केले? गंगापूर रोडवरच्या एका भगिनीने त्यांना माझ्यासमोरच टोमणा मारला, "काय अप्पा, दर उतरले म्हणे. आमच्या बिलात कधी दिसणार? का आम्ही जवळचे, म्हणून सावत्र?"

"दिसणार, ताई, तुमच्याही दिसणार. पण पाणी आलंय ते आधी पाड्यापलीकडच्या वस्तीत जाऊन येऊ द्या. तिथं अजून वाफा कोरडा आहे."

"मग जाऊ द्या बाई! नाहीतर तुमच्या वडिलांचं पुन्हा ऐकावं लागेल."

पलीकडच्या त्या वस्तीवर कालच जोडणी पोहोचली. आज दिवेलागणीला मी पाठाला बसलो, तेव्हा पडद्यावर मंजुळाबाईंच्या चौकटीशेजारी एक नवी चौकट उघडली होती. तिच्यात अनोळखी, उत्सुक चेहरे होते. मी रीतीप्रमाणे विचारले, "आवाज येतोय का?"

मी दोनदा ऐकण्याच्या तयारीत होतो. पण मंजुळाबाईंनी हात वर करून आपल्या सोबतिणींना थांबविले. नव्या चौकटीकडे पाहत त्या स्वतः म्हणाल्या, "तुमी बोला गं आधी. तुमी शेवटच्या."

आणि नव्या चौकटीतून, बिचकत, पण स्वच्छ उत्तर आले, "येतोय, गुरुजी."

अप्पा, याहून मोठा सत्कार आम्ही आपला काय करणार? आदिमायेने आपल्याला शतायुषी करावे, डोंगर चढणारे आपले पाय दृढ ठेवावेत आणि अहिराणीत फुटणारे आपले हसू आम्हांला पुष्कळ वर्षे ऐकवावे. हा लेख वाचणाऱ्या प्रत्येकाच्या दारी त्याच्या वाट्याचे पाणी वेळेवर येवो. दूरच्या जिवलगाचा आवाज त्याच्या कानी न तुटता पोहोचो. आणि ज्याच्या हाती कोणतेही दार असेल, त्याला शेवटच्या वाफ्याची आठवण राहो. सर्वांचे कल्याण असो.