काठावरचा घड्याळजी

माझ्या आत्याला कुणी शाबासकी दिली की तिचे हातपाय गळतात. सगळं जग कौतुकानं फुलतं, ही बाई टोमण्यांवर चालते. आणि टोमणे मारायचा हक्क एकाच माणसाला होता, तिच्या नवऱ्याला, म्हणजे आमच्या काकांना.

काका घड्याळं दुरुस्त करायचे. चिंचोळ्या दुकानाच्या अर्ध्या भागात त्यांचं टेबल, डोळ्याला लावायचं भिंग आणि चिमटे. उरलेल्या अर्ध्यात आत्याचं शिलाई मशीन. पँटची उंची कमी कर, चेन बदल, ही तिची कामं. दिवसभर दोघं पाठीला पाठ लावून बसायची आणि एकमेकांना लागेल असं बोलायची. नव्या गिऱ्हाइकाला वाटायचं, भांडण चाललंय. भांडण कसलं, त्यांचा संसारच तसा चालायचा.

मशीन मारून मारून गुडघे धरले तेव्हा डॉक्टरांनी आत्याला पोहायला सांगितलं. साठीला टेकलेली बाई पहिल्या दिवशी तलावाच्या कडेचा दांडा घट्ट धरून उभी. शिकवणाऱ्या सरांनी परोपरीनं धीर दिला, "ताई, नक्की जमेल तुम्हाला." आत्या ढिम्म हलेना. मग बाकावरून काका म्हणाले, "अगं सोड तो दांडा, तुझ्याशिवायही उभा राहील तो." आत्यानं रागारागानं दांडा सोडला.

तेव्हापासून काका काठानं तिच्या बरोबरीनं चालायला लागले. चपला हातात, तोंड सुरू. "घड्याळाचं काम नाही हे, घरून कॅलेंडर आणतो." श्वासाला तोंड बाहेर काढलं की टोमणा कानावर पडायचा आणि पुढचे चार हात तडातडा पडायचे. जाताना ती उजवीकडे श्वास घ्यायची, येताना डावीकडे, कारण काका त्या बाजूला असायचे. सरांना वाटायचं, ही आपल्या शिकवणीची किमया. एकदा ती खरोखर सुरेख पोहत होती आणि काकांच्या तोंडून चुकून "वा" निघून गेलं. आत्या भर पाण्यात थांबली. "काय झालं? बरं वाटत नाहीये का तुम्हाला?"

पुढे एका वर्षी खरंच बरं वाटेनासं झालं. घशाचं दुखणं निघालं, ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. पण घरी आले ते काका वेगळेच होते. मऊ, शहाणे, कशालाही मान डोलावणारे. आत्याकडे असं बघत राहायचे, जणू तिचे उपकार फेडायचे आहेत.

"काल भाजीत मीठच घातलं नाही मी, मुद्दाम," आत्या मला सांगत होती. "ताट पुसून खाल्लं आणि वर मान डोलावली. जीव वाचवून आणला गं त्यांचा, पण माझा माणूस दवाखान्यातच राहिला."

म्हणून तिनं ज्येष्ठांच्या स्पर्धेत नाव घातलं. जिंकायची हौस तिला कधीच नव्हती. आपण पाण्यात उतरलो तर काकांमधला खोडकर माणूस डोकं वर काढेल, एवढीच तिची आशा. सरांच्या मागे लागून तिनं कडेची लेन मिळवली.

शर्यत चार फेऱ्यांची. शिट्टी झाली तसे काका काठानं निघाले. चपला बाकाखाली राहिल्या होत्या. दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत चालले होते आणि डोळे भरून आले होते. आत्याला प्रत्येक श्वासाला तो प्रेमळ चेहरा दिसत होता आणि तिचा जोर ओसरत होता. दुसऱ्या फेरीला ती सगळ्यांच्या मागे पडली. तिसरी कशीबशी संपवून ती कडेला आली आणि दांडा धरून उभीच राहिली, अगदी पहिल्या दिवशीसारखी. "शाबास ताई, थोडंच राहिलं," सर पलीकडून ओरडले. झालं, उरलंसुरलं बळही गेलं. मला रडू यायला लागलं.

आत्या गॉगलमधून काकांकडे बघत होती. काकांच्या टाळ्या थांबल्या. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढलं, कानाला लावलं, हलवलं, परत कानाला लावलं. मग तिथेच काठावर मांडी घालून बसले, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि घड्याळाचं झाकण उघडायला घेतलं. बायकोकडे ढुंकूनही पाहिलं नाही. घड्याळच बंद पडलं असणार, एरवी एवढा वेळ लागेल कसा?

आत्यानं भिंतीला अशी लाथ मारली की काकांची पँट भिजली. त्या एका फेरीत तिनं दोघींना मागे टाकलं आणि शेवटून तिसरी आली.

काका लगबगीनं टॉवेल घेऊन पोचले तेव्हा ती धापा टाकत होती. "चालू झालं का घड्याळ?" तिनं विचारलं.

काकांनी मान हलवली. नाही. दवाखान्यातून आल्यापासून आत्याला त्यांच्याकडून मिळालेला तो पहिला नकार होता.

घरी पोचेपर्यंत तिनं डोळ्यांवरचा गॉगल काढला नाही.