बरी होऊन राह्यली

आमच्या हिंगणघाटच्या मंडळीत विसरलेल्या छत्र्या आणि किस्से सारख्याच वेगानं साठतात. चर्चच्या मागच्या हॉलमध्ये दोन्ही पडून असतात, न्यायला कोणी येत नाही. छत्र्यांचं पास्टर बघतील. किस्से मी सांगून टाकतो, कारण पेटीमागं बसणाऱ्याला सगळं दिसतं.

यातले बहुतेक मार्थाताईचे आहेत. वीस वर्षं आमची गाणी तिनंच उचलली. तिच्या गळ्यासाठी मी पेटीवर काळी पाच धरायचो आणि त्या उंच पट्टीत बाप्यांच्या मानेच्या शिरा ताणल्या जायच्या. योहानकाका टेलर दर रविवारी कुरकुरायचे, "हे बाई आम्हाले जित्तेपणीच स्वर्गात नेते का?"

दोन वर्षांपूर्वी तिला उदासीच्या आजारानं धरलं. आधी जेवण गेलं, मग झोप, मग गाणं. चर्चला यायची, पण गीतपुस्तक मिटून बसायची. मी पट्टी उतरवून काळी एकवर आणली. काकांच्या गळ्याला ती झकास बसली, पण काका काही खूश दिसले नाहीत. ती पुन्हा गाईल का, हे विचारायची आमच्यात कोणाची हिंमत नव्हती.

•

आमचे पास्टर नगरकडचे, तरुण, भाषा एकदम शुद्ध. मन आजारी असलेल्यांनी एकत्र बसावं म्हणून त्यांनी नोटीस लावली, 'मानसिक आरोग्य सहभागिता सभा, गुरुवारी चार वाजता.' त्या गुरुवारी हॉलमध्ये पास्टर आणि मी, दोघंच. पुढच्या आठवड्यात त्यांनी नुसतं 'चहा आणि प्रार्थना' लिहिलं. खुर्च्या कमी पडल्या.

मार्थाताईचे यजमान डॅनियलभाऊ तिला घेऊन आले होते. मी विचारलं, "मागच्या गुरुवारी काऊन नाई आले?"

"आम्हाले वाटलं, थे आजारी लोकायसाठी हाय."

•

सावंगीच्या डॉक्टरांनी मार्थाताईला गोळ्या सुरू केल्या. ती घ्यायची विसरायची, म्हणून भाऊंनी गोळी जेवणाच्या प्रार्थनेतच घातली. एकदा बाहेरगावचे वयस्कर पाहुणे पंगतीला होते. भाऊंनी डोळे मिटले, "बापा, हे अन्न आन हे अर्धी गोळी आशीर्वादित कर."

पाहुण्यांनी आमेन म्हटलं, डोळे उघडले, ताटाभोवती शोधलं आणि हळूच विचारलं, "माझी कुठे आहे?"

•

एका रविवारी एक प्रचारक आले. आवाज असा की माइक उगाचच लावला होता. मार्थाताईच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी मोठी प्रार्थना केली आणि माइक तिच्यापुढं धरला. "बहिणी, सांग सगळ्यांना. बरी झालीस ना?"

सगळे हालेलुया म्हणायला तयार. मार्थाताई म्हणाली, "होऊन राह्यली."

"विश्वासानं बोल. झाले म्हण!"

"विश्वासानंच बोलून राह्यली, पाहुणे. होऊन राह्यली."

तेव्हापासून आमच्या मंडळीत कोणालाही कसं काय विचारा, हेच उत्तर मिळतं. चर्चच्या छपराचं काम कुठवर आलं असं विचारलं, तर आता पास्टरही म्हणतात, "होऊन राह्यलं."

•

एका गुरुवारी पास्टरांनी बायबलातल्या त्या आंधळ्याची गोष्ट सांगितली. प्रभूनं पहिल्यांदा हात लावला तेव्हा त्याला माणसं झाडांसारखी दिसली. दुसऱ्यांदा हात लावला, तेव्हा कुठं नीट दिसलं.

डॅनियलभाऊंनी कपातला चहा संपवला. मग म्हणाले, "मंजे प्रभूनंबी फॉलोअपले बोलावलं."

मार्थाताई हसली. वर्षभरात पहिल्यांदाच.

•

सगळेच दिवस असे नव्हते. मध्ये तीन आठवडे ती खोलीबाहेर आली नाही. गुरुवारची सभा आम्ही तिच्या ओसरीवर नेली. सतरंजी टाकली, चहा केला, प्रार्थना केली. योहानकाकांनी एक कप तिच्या खिडकीत ठेवला.

आम्ही उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात खिडकीतून रिकामा कप बाहेर आला.

"साखर जास्त झाली," आतून आवाज आला.

काकांनी कप घेतला आणि तोंड फिरवून उभे राहिले. खरं सांगतो, माझेही डोळे भरून आले. परत जाताना सगळे त्या साखरेबद्दलच बोलत होते.

•

आणि आता परवाचं. कापणीच्या सणाच्या गाण्यांची तालीम होती. वेदीपुढं भोपळे, तुरीच्या शेंगा, कापसाची बोंडं मांडून झाली होती. मार्थाताई नेहमीच्या बाकावर, मांडीवर मिटलेलं पुस्तक. मी काळी एक धरली. पहिलं कडवं झालं.

"प्रकाशभाऊ."

मी भाता थांबवला.

"हे कोण्या बाप्याची पट्टी हाय?"

"काऊन, ताई?"

"माहा गळा इतका खाली नाई बसत. वर घे."

माझं बोट काळी पाच शोधत पेटीवरून सरकलं. डॅनियलभाऊ भोपळ्यांकडे बघत राहिले. मार्थाताईनं पुस्तक उघडलं.

मागच्या बाकावरून योहानकाका म्हणाले, "मेलो आता," आणि सगळ्यांच्या आधी गायला उभे राहिले.