धोंडुबाईच्या तीन आळ्या

पेणच्या पोस्टमनला गावातल्या आळ्या जशा पाठ असतात, तशा आमच्या धोंडुबाईला खाडीकाठच्या किरव्यांच्या, म्हणजे बारक्या खेकड्यांच्या, आळ्या पाठ. मी चौथी शिकलो, ती दुसरीत पाटी ठेवून आईबरोबर चिखलात उतरली. पण सांगतो, माझ्या चौथीला तिची दुसरी भारी.

आमचं गाव धरमतरच्या खाडीला लागून. मध्ये मातीचा बांध. बाहेर खारं पाणी, आत भाताची शेतं. शेतातलं पाणी खाडीत सोडायच्या दरवाज्यापाशी चार बैलगाड्या उभ्या राहतील एवढी रेती साचली आहे. तिथे धोंडुबाईने मला तीन आळ्या दाखवल्या होत्या. सगळ्यात वर, भरतीने टाकलेल्या वाळक्या काटक्यांखाली, तांदळाएवढे उड्या मारणारे किडे. मधे रेतीच्या बारीक गोळ्या वळून दारात रांगोळी घालणाऱ्या किरव्या. खाली चिखलात, एकच नांगी मोठी आणि लाल असलेले खेकडे, ती हलवत उभे, पंगतीला बोलावणाऱ्या यजमानासारखे. वरचे किडे ऊन उतरल्यावर चरायला निघतात, बाकीचे ओहोटी लागली की. ज्याची त्याची आळी ठरलेली.

"भांडान नाय त्यांच्यात," ती म्हणायची. "कुनाला किती वल पायजे, ज्याचं त्याला ठाव हाय."

एकदा आमच्या मास्तरांनी तिचे डोळे बांधून तिला तिथे फिरवली. पायाच्या अंगठ्याने रेती चाचपून तिने तिन्ही आळ्या बरोबर सांगितल्या, आणि वर मास्तरांची चप्पल कुठल्या आळीत रुतून राहिली तेही.

हसायचं एवढंच. तिच्या ऐन उमेदीत एका उधाणाला बांध फुटला. खारं पाणी शेतात शिरलं आणि तीन वर्षं दाणा पिकला नाही. तिचा नवरा नाथा पोटासाठी बार्जवर गेला, तो तिकडेच बुडाला. उरलं अर्धा एकर शेत आणि मुलगी मैना. किरव्या विकून तिने मैनाला रोह्याकडच्या गावात दिली. ते अर्धा एकर मात्र ती डोळ्यांत तेल घालून जपते.

आमच्यात पावसाआधी घरटी एक माणूस बांधावर येतो आणि मधल्या आळीच्या किरव्यांनी बाहेरून पोखरलेली बिळं चिखलाने बुजवतो, नाहीतर बांध पोकळ होतो. नेम असा, की भर ओहोटीला बुजवायची. तेव्हा बिऱ्हाडं चरायला बाहेर असतात. परत येतात, दार बंद दिसलं की दुसरीकडे घर बघतात. पण या वर्षी पोरं कंपनीत शिफ्टला. जमले ते एका रविवारी, भरती चढत असताना. किरव्या घरोघर आत. कामाचा मुकादम मीच.

धोंडुबाई टोपली टेकवून म्हणाली, आज नको, ओहोटीला या. माझा नातू निकेश म्हणाला, "आजी, आत मेल्या तर बरंच की."

"मरत न्हाईत रं. पुढलं दार बुजवलंस, आता मागलं काढतील."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी. संध्याकाळपर्यंत आम्ही बांध बाहेरून सारवलेल्या चुलीसारखा गुळगुळीत केला.

आठ दिवसांनी धोंडुबाईने आपलं भाताचं बियाणं टेम्पोत घालून मैनाकडे रोह्याला पाठवलं. गावात चेष्टा झाली. शेजारची गिरजाबाई म्हणाली, म्हातारीला किरव्यांनी घराबाहेर काढली. मीही तिला हटकलं, गाव सोडतेस काय गो धोंडे?

"मी हाय हितंच. बियानं गेलं."

मी माझं बियाणं बांधाच्या पायथ्याशी, आतल्या अंगाला, कोरड्या धुळीतच पेरून टाकलं. जागा जरा उंच, चांगली.

आज सकाळी तिने मला हाक मारली, माझ्याच पेरणीपाशी. पाऊस अजून पडलेला नाही, शेतं भुईसपाट कोरडी. पण बांधाच्या बुडाला हातभर रुंद ओला पट्टा उठला होता. त्यात करंगळी जाईल एवढी बिळं, आणि प्रत्येक बिळाभोवती गोळ्यांची रांगोळी. सुबक. मधली आळी बिऱ्हाडासकट माझ्या शेतात आली होती. बिळं मोजायला लागलो आणि मधेच सोडून दिलं.

"गोड्या वलीत ती ऱ्हात न्हाय, कमळाकर," धोंडुबाई म्हणाली. "चाखून बघ."

चिमूटभर माती जिभेवर ठेवली. खारट होती, आमटी बिघडावी एवढी.

उद्या अमावस्या, उधाणाची भरती. निकेशला म्हटलं, आज शिफ्टला जाऊ नकोस, ओहोटीला सगळ्यांना बांधावर आण. तो म्हणाला, आजोबा, बघतो. मी फावडं आणि घमेलं घेऊन निघालो. 

धोंडुबाई आधीच येऊन कंबरेएवढ्या खड्ड्यात उतरली होती, नवा चिखल भरायला बांधाची पोकळ माती काढत. हातातला गोळा तिने मला दाखवला. त्यातून पाणी ठिबकत होतं. ओहोटी अजून पुरती लागलीही नव्हती, आणि उधाण तर उद्या होतं.