आईचं उरलेलं पोट

परळच्या हॉस्पिटलात आईच्या जठराचा निम्मा भाग काढला, त्याला आठवडा झाला होता. गाठ साधी निघाली होती, तरी आई पेजेची वाटी तोंडाला लावायला तयार नव्हती. पोटच अर्धं राहिलं, तर खाल्लेलं जिरणार कसं, या धास्तीने ती नुसती पडून असायची.

शेवटी सकाळी तपासायला आलेल्या डॉक्टरीणबाईंना तिने ते विचारलंच. त्या पलंगाच्या कडेला टेकल्या.

"मावशी, उरलेल्या जठरातल्या ग्रंथी अजून पाचक रस सोडतायत. आणि पचनाचं मोठं काम तर पुढे लहान आतड्यात होतं. त्याच्या अस्तरातही ग्रंथी असतात आणि ते आम्ही अख्खं ठेवलंय. फक्त थोडं थोडं खा."

"म्हणजे आतडं सांभाळून घेईल?"

"घेईल की!"

आईने माझ्याकडून वाटी घेतली. चार चमचे पेज पिऊन ती थांबली आणि काही त्रास होतोय का, याची आम्ही दोघी वाट बघत राहिलो. मळमळलं नाही, कळही आली नाही. अर्ध्या तासाने ती म्हणाली, "डिलाईल रोडला घरी गेल्यावर या पेजेसोबत जरा सुकटीची चटणी कर गं."

कितीतरी दिवसांनी मला मोकळं हसू आलं.