कागदावर नसलेली ओळ

त्या दिवशी देवळाच्या पायरीवर उभं राहून मी वाडीला जो कागद वाचून दाखवला, त्यातली एक ओळ कागदावर नव्हती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. पंधरा वर्षं एकाच गावात, त्याच माणसांसमोरून छत्री घेऊन कचेरीत जातो-येतो, आणि कुणी विचारलं नाही म्हणून गप्प राहतो. आता लिहितो.

आमचं गाव रत्नागिरीच्या खाली, खाडीच्या तोंडाशी. नाव लिहीत नाही. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी राहते आणि उतारू पडावातून न्यावे-आणावे लागतात. ते पडाव वल्हवणारे आमच्या वाडीचे. माझा बापही त्यातलाच. मी सात वर्षांचा असताना तो एका वावटळीत पडावासकट गेला. आई त्याच्या आधीच गेली होती. मला वाढवलं आत्याने. ती बालविधवा, जवळा सुकवून विकायची. जवळा म्हणजे नखाएवढी कोळंबी. ओली दोन दिवस टिकत नाही, सुकवली तर वर्षभर घाटापर्यंत जाते. त्या जवळ्यावर तिने मला सातवीपर्यंत शिकवलं. वाडीत वाचता येणारा मी पहिला. कुणाच्या मुलाचं मुंबईहून पत्र आलं की ते माझ्याकडे यायचं, आणि मी वाचीन ते खरं. याचा मला फार अभिमान होता.

जवळा वाळूवर सुकवता येत नाही. वाळू आत शिरली की निघत नाही, दाताखाली करकरते, आणि बाजारात गिऱ्हाईक तोंड फिरवतं. म्हणून पुळणीच्या वर वाडीचं एक खळं होतं. मोठं, सपाट, एखादं शेत असावं तेवढं. दिवाळी झाली की सगळ्या बायका मिळून ते चोपायच्या, मातीने भरून काढायच्या, शेणाने सारवायच्या. आत्याच्या आजेसासूच्या आधीपासून हे चालत आलेलं. दप्तरात ती जागा वाडीच्या वहिवाटीची होती. कातळी सड्याच्या आणि डोंगराच्या या मुलखात तेवढा सपाट तुकडा दुसरा नव्हता. तो देवाने केलेला नव्हता. बायकांनी केला होता.

गावचेच एक शेठ होते. मुंबईत त्यांनी पैसा केला आणि एका हिवाळ्यात ते अकरा-बारा फुटबॉल खेळणारे गडी घेऊन उतरले. पगारी. कुणी पलटणीतून सुटलेला, कुणी गोव्याकडचा. भरती ओसरली की पुळणीवर ते खेळायचे आणि सगळं गाव कडेला. आत्या टोपली घेऊन उभी राहायची.

"ह्यांना पगार कशाचा रे?" तिने मला विचारलं.

"चेंडू खेळण्याचा."

"लाथा मारण्याचा? मेल्या, आमचा रेडा फुकट मारतो."

बायका इतक्या हसल्या की गोलकीपरने वळून पाहिलं.

मी मात्र वेडा झालो होतो. तेव्हा मी गावचा कारभार पाहणाऱ्या कमिटीच्या कचेरीत उमेदवार कारकून होतो, म्हणजे नक्कलनवीस, आज आहे उद्या नाही असा. चार वाजले की माझं लक्ष लागत नसे. तो चेंडू उंच जायचा आणि खाली येईपर्यंत वकील, कोळी, भट, मुसलमान तांडेल, सगळे एका दमात गप्प व्हायचे. आमच्या गावात असं दुसरं काही नव्हतं. जिल्ह्यातली माणसं होडी करून बघायला येऊ लागली. पहिल्यांदाच कुणी विचारलं, की हे गाव आहे तरी कुठे?

दुसऱ्या हिवाळ्यात शेठ कमिटीपुढे आले. वाळूवर खेळून गड्यांचे पाय दुखतात, पक्कं मैदान हवं, भोवती जांभ्याची भिंत हवी, बसायला ग्यालरी हवी. नसेल जमत तर राग नाही. खालचं एक बंदर सगळं द्यायला तयार आहे, टीम तिकडे नेतो. हे ते चहा पिता पिता बोलले. कमिटीचे अध्यक्ष वकील होते. त्यांचा चेहरा मी पाहिला. पोरीचं ठरलेलं लग्न मोडायला आल्यासारखा झाला होता.

जागा एकच होती.

वाडी एकदम नाही म्हणाली नाही, हे सांगितलं पाहिजे. त्यांनाही खेळ आवडायचा. शिवाय वकीलसाहेब स्वतः वाडीत आले, घोंगडीवर बसले, आणि वाडीला गोड्या पाण्याची विहीर बांधून देतो म्हणाले. पट्टीचे पैसे त्यासाठी बाजूला ठेवलेलेच होते. बायका भर दुपारी मैलभर चढून पाणी आणायच्या. तेव्हा वाडीने ठरवलं, देवाला विचारू.

आमच्याकडे कौल लावतात. गुरव देवाच्या अंगावर ओल्या कळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पण गाऱ्हाणं नेमकं घालावं लागतं. देव विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतो. म्हणून त्या सकाळी गाऱ्हाण्यावरच तासभर वाद झाला. शेवटी आत्याने गुरवाला सांगितलं, "असं बोल. खेळ हाय तवर जागा खेळाची. खेळ गेला की जागा वाडीची. ह्याला देव राजी हाय काय, ता विचार."

गुरव म्हातारा होता, डोळ्यांनी अधू, पण आवाज खणखणीत. त्याने जसंच्या तसं गाऱ्हाणं घातलं आणि सगळी वाडी म्हणाली, "होय महाराजा!" मीही म्हणालो. आम्ही वाट पाहत उभे राहिलो. उजवी कळी पडली.

कागद मी तयार केला. पहिल्या मसुद्यात ती अट मी घातली होती, हे देवाशपथ खरं. वकीलसाहेबांनी वाचून ती ओळ पेन्सिलीने कापली.

"शेठ असल्या कागदावर ग्यालरी बांधू देतील का? उद्या उठून म्हणतील, भरवशाची जागा नाही."

"पण साहेब, कौल तसाच लागलाय. वाडी अंगठे देणार नाही."

ते थोडा वेळ पानाला चुना लावत बसले. मग म्हणाले, "त्यांना वाचता येतं का?"

एवढंच. ती ओळ वाच म्हणाले नाहीत, खोटं बोल म्हणाले नाहीत. पुढच्या महिन्यात तुला कायम करण्याचं कमिटीपुढे ठेवतो, असं मात्र जाता जाता बोलले.

मी अनेकदा स्वतःला सांगितलं की नोकरीसाठी केलं. ते अर्धंच खरं आहे. टीम जाऊ नये म्हणून केलं. मला ती ग्यालरी हवी होती. वकिलांच्या आणि मामलेदारांच्या मागच्या बाकावर मी बसलेला, पायात वहाणा, हे मला दिसत होतं.

देवळाच्या पायरीवर उभं राहून मी कागद वाचला. चतुःसीमा वाचल्या, विहिरीचं वाचलं. आणि मग, कागदावरची नजर न हलवता, मोठ्याने म्हणालो, "खेळ गावातून गेल्यास सदर जागा पूर्ववत वाडीच्या वहिवाटीस परत मिळेल." कारकुनी भाषेत म्हणालो, म्हणजे खरं वाटावं. आत्या पुढेच उभी होती.

"परत वाच ता," ती म्हणाली.

मी परत वाचलं. शब्दालाही चुकलो नाही.

तिने पहिला अंगठा दिला.

मैदान व्हायला फारसं काही करावं लागलं नाही. ओव्हरसियर म्हणाला, जमीन इतकी बसलेली मी पाहिली नाही, रूळ फिरवायची गरज नाही. भिंत झाली, ग्यालरी झाली, चुन्याच्या रेघा मारल्या. मला कायम केलं. मी मागच्या बाकावर बसू लागलो. बायकांनी जवळा त्या वर्षी वाळूवर जाळी टाकून वाळवला. थोडी वाळू शिरली. "खेळ काय, दोन वर्षांचा तर प्रश्न," आत्या म्हणायची, "विहीर होतेय."

विहीर झाली नाही. पुढच्या हिवाळ्यात शेठ म्हणाले, ग्यालरीला छप्पर नाही, बडे लोक उन्हात बसत नाहीत. मुंबईहून विचारणा आहे. कमिटीने एका बैठकीत विहिरीचे पैसे छपराकडे वळवले. ठराव मीच लिहिला. मंगलोरी कौलं नकोत, पत्रे घाला, लवकर होतील, असं ठरलं. वाडीतल्या गड्यांनीच ते पत्रे पडावातून उतरवले आणि डोक्यावरून वर नेले.

त्या छपराखाली चार सामने झाले असतील. मृगाआधीची शेवटची आगबोट आली तेव्हा टीम सामान बांधून बंदरावर उतरली. पावसाळ्यात कोण खेळतं, दिवाळीनंतर येऊ, असं म्हणाले. पण गोलाच्या जाळ्यासुद्धा त्यांनी सोडून घेतल्या होत्या. ते बघूनच मला कळलं. आमच्याच वाडीच्या पडावाने त्यांना आगबोटीवर पोचवलं. आत्याचा दुसरा भाचा, म्हणजे माझा चुलतभाऊ, वल्ह्यावर होता. परत आल्यावर सांगत होता, गोलकीपरने त्याला स्वतःचा जुना बूट बक्षीस दिला. एकच. दुसरा सापडत नव्हता.

दिवाळी झाली. शेठचं पत्र आलं, टीम आता मुंबईतच राहील, तिथे ग्यालरी मोठी आहे, गावाच्या प्रेमाबद्दल आभारी. त्यानंतर आठ दिवसांनी वाडीच्या बायका कचेरीत आल्या. पुढे आत्या. चोपण्या घेऊनच आल्या होत्या, कारण सारवणाचे दिवस होते आणि तिथूनच खळ्यावर जायचा त्यांचा विचार होता.

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, जागा आता कमिटीची."

"नाय. कागदात हाय. खेळ गेला, जागा आमची. आमचा पोरगा हाय ना हिते, त्याला विचारा. त्यानेच वाचलान."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं मी काय वाचलं होतं ते. त्या क्षणी कळलं. मी कपाटातून कागद काढला. आत्या माझ्याकडे बघून किंचित हसत होती, लहानपणी शाळेत माझा नंबर आला की हसायची तशी.

तेव्हा बोलता आलं असतं. नोकरी गेली असती, वाडीने दगड मारले असते, पण खोट्या वाचनावर घेतलेला अंगठा कोर्टात टिकला नसता, एवढा कायदा मला समजत होता. जागा परत मिळाली असती.

मी म्हणालो, "आत्ये, ती ओळ होती. वरच्या कचेरीत खोडली."

साहेबांनी खाली मान घातली. आत्याने चोपणी जमिनीवर टेकवली.

"देवापुढं बोललेली ओळ खोडतात?"

मी कागदाची घडी घातली. तिनेच मग बायकांना सांगितलं, "चला गो. ह्या पोराच्या हातात काय हाय?"

मला वाटलं होतं, ते सरकारला शिव्या देतील आणि विसरतील. सरकार लांब होतं. देव जवळ होता. वाडीत बोलणं सुरू झालं की उजवी कळी पडलीच कशी? देवाला पुढचं दिसलं नाही? मग कुणीतरी म्हणालं, म्हाताऱ्याला दिसत नाही, कळी नीट लावलीच नसेल. कुणी म्हणालं, शेठने त्याला धोतरजोडी दिली होती. शिमग्याला त्याच्या हातून कौल काढून घेतला. त्याच्या घरात सात पिढ्यांचा तो मान. तो कुणाशी भांडला नाही. मला वाटेत भेटला तेव्हा म्हणाला, "बाबा, तू शिकलेला. माझ्या बोलण्यात काय चुकलं होतं काय? तू होतास ना तिथं?" मी म्हणालो, "नाही चुकलं." एवढंच म्हणालो. तो नाटे गावी मुलीकडे राहायला गेला आणि तिथेच मेला.

वाडीत आता कौल लावत नाहीत. लावून काय करायचं, म्हणतात.

मैदान लाकडाच्या वखारीला भाड्याने गेलं. ग्यालरीखाली शेळ्या बसतात, पत्रे एका वादळात उडून खाडीत गेले. आत्या वाळूवरच जवळा सुकवत राहिली. संगमेश्वरच्या बाजारात एका गिऱ्हाइकाने तिच्यासमोर तोंडातला घास थुंकला, हे तिने मला हसत सांगितलं. नंतर बाजारच सोडला. मी तिला माझ्याकडे राहायला बोलावलं, ती आली नाही. कधी वखारीच्या भिंतीला टेकून बसलेली असायची, आतली जमीन दिसत नव्हती तरी. शेवटच्या दुखण्यात मी उशाशी होतो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "खळं गेलं ता गेलं. तू कायम झालास, एक तरी बरं झालं."

मी तिला पेज भरवली आणि घरी आलो. दोन दिवसांनी ती गेली.

कागद अजून माझ्याच कपाटात आहे. किल्ली माझ्याकडे असते. खाली बावीस अंगठे आहेत, त्यांतली नऊ माणसं जिवंत आहेत. मला त्या पायरीवर उभं राहून, त्या नऊ जणांसमोर, तो कागद आहे तसा वाचून दाखवायचा आहे. ते अजून केलेलं नाही.