श्रीखंडातली काळी मिरी

स्पायरोमेट्रीचा कागद टेबलावर ठेवून छातीचे डॉक्टर म्हणाले, "सीओपीडी आहे. दिवसाला किती सिगरेटी ओढता?"

"एकही नाही. कधीच नाही," माझे यजमान म्हणाले.

डॉक्टरांनी पुन्हा कागद पाहिला, मग यांच्याकडे पाहिलं. "मग राहता कुठे?"

आमच्या आजारपणाची सुरुवात मी या प्रश्नापासून धरते. प्रभाकर असताना मी त्यांना कधी नावाने हाक मारली नाही. लिहिताना मात्र नाव लिहावंसं वाटतं. त्यांना जाऊन वर्ष होत आलं. मी रोज थोडं थोडं लिहिते. ज्यांच्या घरात असाच एखादा कागद आला असेल, त्यांच्यासाठी हे आहे.

स्पायरोमेट्री म्हणजे नळीत जोराने फुंकायचं. फुप्फुसातली हवा किती आणि किती वेगाने बाहेर पडते, हे यंत्र मोजतं. सीओपीडी म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आकसणं. हवा आत जाते, पण पूर्ण बाहेर येत नाही. प्रभाकर दिवाणी कोर्टात वकिली करत. आधी ते कोर्टाचा जिना चढताना मध्येच थांबून खिशात काही शोधू लागले. मग युक्तिवादातली लांब वाक्यं तुटू लागली. आम्ही वयाला दोष दिला. तुम्ही देऊ नका. धाप लागली की आधी छाती तपासा.

आम्ही तेव्हा गुजराती मुलुखात, तरसालीला राहत होतो. नव्वदनंतरची वर्षं होती. मकरपुऱ्याकडे नवनवे कारखाने उभे राहत होते, आणि त्यांच्या बॉयलरला लागणारा कोळसा आमच्या सोसायटीमागच्या उघड्या मैदानात उतरत होता. ट्रक आले की काळा ढग उठायचा आणि आमच्या गच्च्यांवर बसायचा. दोरीवरच्या धोतराची संध्याकाळी घडी करताना हाताला काळं लागायचं.

"धुळीनेच हे झालं असं मी लिहून देणार नाही," डॉक्टर म्हणाले. "पण रोज ती आत गेली, तर मी काहीही दिलं तरी उपयोग नाही. घर बदला."

आम्ही घर विकायला काढलं. येणारं गिऱ्हाईक खिडकीच्या कठड्यावरून बोट फिरवी, बोटाकडे पाही आणि चहा न घेताच जाई. नाशिकच्या नणंदेने बोलावलं. "नाशिकला श्वास घेईन गं," प्रभाकर म्हणाले, "पण भांडू कुणाशी?"

मग त्यांनी इथेच भांडायचं ठरवलं. सोसायटीतल्या काही जणांना बरोबर घेऊन कोळशाच्या डेपोवर मनाई हुकमाचा दावा लावला. ते वाचणारे गृहस्थ. कॉलेजच्या ज्या ग्रंथालयात मी काम करत होते, तिथून ते जगभरची मासिकं घरी आणायला लावत. कोळशाच्या धुराने पृथ्वीचं तापमान वाढतं आहे, हे त्यांनी तिथे वाचलं होतं. तेही एका परिच्छेदात त्यांनी दाव्यात लिहिलं.

वकिलांच्या बार रूममध्ये हसू उसळलं. समोरच्या बाजूचे मजमुदार वकील यांचे जुने मित्र. ते मोठ्याने म्हणाले, "प्रभाकरभाई, पृथ्वीनुं वकीलपत्र कोणे आप्युं?"

"बोलावी छे," हे म्हणाले. "ताव उतरशे एटले आवशे."

पृथ्वीचं वकीलपत्र दिलं कुणी, तर बोलावलंय, ताप उतरला की सही करायला येईल! न्यायाधीशांनी तो परिच्छेद या दाव्यात नको म्हणून बाजूला ठेवला. पण ते उत्तर आठवडाभर कोर्टात फिरत होतं.

हिवाळ्यात मोठा झटका आला. ओठ निळसर झाले आणि आम्ही रिक्षातून इस्पितळ गाठलं. एबीजी केली. म्हणजे मनगटाच्या धमनीतून रक्त घेऊन त्यात प्राणवायू किती हे पाहतात. साध्या रक्तचाचणीपेक्षा ही सुई जास्त दुखते, हे आधीच माहीत असलेलं बरं. नेब्युलायझर लावला, त्यात औषधाचं धुकं होऊन ते मास्कमधून छातीत उतरतं. फिजिओथेरपीच्या बाईंनी ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायला शिकवलं. "गरम चहा फुंकता ना, तसं," त्या म्हणाल्या. त्यावर हे मास्कमधून म्हणाले, "मग चहाही द्या."

वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून मी पुस्तक उघडत असे आणि तेच पान पुन्हा वाचत असे. तिथेच आमच्या शेजारच्या हंसाबेन डबा घेऊन आल्या आणि म्हणाल्या की कोर्टाने कमिशनर नेमला आहे. कोर्ट कमिशनर म्हणजे जागेवर येऊन, डोळ्यांनी पाहून अहवाल देणारा माणूस. या पाहणीवर सगळं होतं. अहवालात काळं दिसलं तर हुकूम मिळणार. नाही तर नाशिक.

डॉक्टरांनी पाहणीच्या सकाळी घरी सोडलं. "आता तरी घर हलवा, नाही तर कोळसा," ते म्हणाले. "दोन्ही जागच्या जागी ठेवून माझ्याकडे येऊ नका."

रिक्षा सोसायटीत शिरली आणि प्रभाकरांनी माझा हात धरला. फाटकापासून रांगोळी होती. जिना ओला चकचकीत होता. आमची गच्ची, शेजारच्या गच्च्या, खिडक्यांचे कठडे, तुळशीच्या कुंड्या, सगळं घासून धुतलेलं. गच्चीवर कापडी मांडव, खाली गाद्या, गाद्यांवर पांढऱ्याशुभ्र चादरी.

हंसाबेन पदर खोचून उभ्या होत्या. मागे सोसायटीतल्या सगळ्या बायका, यांच्या आजारपणासाठी नाशिकहून आलेल्या माझ्या नणंद कुसुमताईंसह.

"हंसाबेन, हे काय केलंत?"

"कोर्टना साहेब आवे, ने घर आवुं काळुं?" त्या म्हणाल्या. "ने भाई पण हॉस्पिटलथी घेर आवे छे. सवारथी घसीए छीए."

सकाळपासून सगळ्या घासत होत्या. कुसुमताई अभिमानाने म्हणाल्या, "वहिनी, रांगोळी माझी हं."

वर्षभराचा पुरावा नाल्यात वाहून गेला होता. मी यांच्याकडे पाहिलं. ते हसत होते. इतके हसले की खोकला आला, आणि ओठांचा चंबू करून श्वास सोडत पुन्हा हसले. "आता साहेबांना काय दाखवू? बायकांचे हात?"

कमिशनर आले. तरुण, गंभीर वकील होते. बरोबर मजमुदार, पांढऱ्या कडक शर्टात. मागच्या डेपोत चिटपाखरू नव्हतं. पाहणीची वेळ डेपोवाल्यांनाही ठाऊक होती. ट्रक रस्त्याच्या कडेला ओळीने उभे करून ठेवले होते. कमिशनरांनी गच्चीभर फिरून फोटो काढले. मजमुदारांनी कठड्यावरून बोट फिरवलं आणि ते उंच धरलं. "लखो साहेब, क्यांय काळुं नथी. आवुं चोख्खुं घर तो मारुंय नथी!"

कुठेही काळं नाही, असं कमिशनरांनी लिहून घेतलं. मला नाशिकचं स्टेशन दिसू लागलं.

ते निघायला वळले, तर जिन्याच्या तोंडाशी हंसाबेन. "जम्या वगर केम जवाय?"

कमिशनर म्हणाले, एका पक्षाच्या घरी मला जेवता येणार नाही. "तो बंने पक्षने जमाडीशुं," हंसाबेन म्हणाल्या आणि मजमुदारांसमोर, म्हणजे दुसऱ्या पक्षासमोर, ताट ठेवलंसुद्धा. कमिशनरांनी फक्त पाणी घेतलं, पण मजमुदार पुरी आणि श्रीखंड पाहून आधीच बसले होते. त्यांना सोडून कमिशनर जाणार कसे? उरलेला पंचनामा लिहीत तेही गादीवर बसले.

डेपोतल्या माणसांना वाटलं असावं की पाहणी संपली. पहिला ट्रक आत आला. मग दुसरा. कोळसा कोसळल्याचा आवाज आला आणि तो आमचा ओळखीचा ढग उठला, कुंपणावर रेंगाळला आणि मांडवाखाली शिरला.

मी यांच्या तोंडावर ओला रुमाल धरला. चादरीवर बारीक काळे कण उतरताना दिसत होते. धुळीने माखलेल्या जुन्या गच्चीवर ते कधीच दिसले नसते.

मजमुदारांनी श्रीखंडाची वाटी डोळ्यांजवळ नेली. "आ शुं? काळां मरी?"

"श्रीखंडमां मरी कोण नाखे, वकीलसाहेब?" हंसाबेन म्हणाल्या.

मिरी नव्हतीच ती. कमिशनरांनी वाटीचा फोटो काढला, चादरीचा काढला, आणि मजमुदारांना विचारून त्यांच्या कॉलरचाही. मजमुदार दिलदार. मान वर करून उभे राहिले. "पुरावो हुं ज थई गयो," म्हणाले. पुरावा तेच झाले होते!

मनाई हुकूम मिळाला. आधी कोळसा झाकला गेला, पाणी मारलं जाऊ लागलं. मग डेपो वस्तीपासून लांब गेला. प्रभाकरांची फुप्फुसं बरी झाली नाहीत, सीओपीडीत ती होत नाहीत. पण ती होती तिथे बरीच वर्षं टिकली. तेवढ्यावर ते कोर्टाचा जिना थांबत थांबत चढले, आणि पुष्कळ भांडले. दर उन्हाळ्यात पेपर वाचताना विचारत, "काय गं, अशिलाचा ताप उतरला का?" मी नाही म्हणे. "मग तारीख मागून घेऊ," ते म्हणत.

आजारी माणसाला घेऊन कोर्टात जाणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे: पाहणीच्या आधी घर धुऊ नका. आणि धुतलंच, तर पाहुण्यांना जेवल्याशिवाय सोडू नका.

गेल्या हिवाळ्यात ते गेले, घरीच, आपल्या खाटेवर. चौदाव्या दिवशीचं गोड जेवण हंसाबेननी गच्चीवरच मांडलं, पांढऱ्या चादरींवर. मजमुदार आले. काठी टेकत वर चढले, मध्ये थांबून खिशात काही शोधल्यासारखं केलं. मला ते पाहवेना. पानावर बसल्यावर त्यांनी श्रीखंडाची वाटी उचलली, डोळ्यांजवळ नेली, फिरवून फिरवून पाहिली.

"हंसाबेन, आजे काळां मरी नथी ने?"

सगळी पंगत माझ्याकडे पाहू लागली. मग सगळ्यात आधी मी हसले.