चॉकलेटच्या डब्यावरचं गाव

मोहरीच्या जुन्या डब्यावर अजून ते डोंगराखालचं गाव आहे. नव्वदच्या दशकात बाबांच्या रबाळ्याच्या कारखान्यात मशीन बसवायला आलेला स्विस इंजिनिअर तिथलाच. आमच्या घरी जेवायला येताना त्यानं हा चॉकलेटचा डबा आणला होता. चर्च फार जुनं, वस्ती मात्र आमच्या सोसायटीहून कमी, असं तो सांगत होता. मला हसू आलं.

आई बाबांना म्हणाली, “इचारा की, शाळा चालू हाय का?”

बंद पडली होती. पोरंच उरली नव्हती.

आईनं त्याला आणखी एक पोळी वाढली. मला तिचा प्रश्न भलताच वाटला.

परवा साताऱ्याकडच्या तिच्या गावी गेलो. तिच्या शाळेला कुलूप होतं. मला तिथंच उभं राहिलेलं बघून समोरच्या काकू म्हणाल्या, “चल, दोन घास खाऊन जा.”